एव्हन नदीवरची बोटफेरी: प्रवासाला चार तारे, माहितीला दीड

लेकीने तिकिटं आधीच काढून ठेवली होती म्हणून गेलो. एक तास बोटीत बसून पाणी बघायचं आणि वर त्याचे पैसे द्यायचे, हे माझ्या हिशेबात बसत नाही. पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढलेला माणूस मी. पाणी बघण्याचा मी पगार घेत असे.

तर हा अभिप्राय इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या बोटफेरीचा आहे. पुल्टनी पुलापाशी बसायचं, प्रवाहाच्या उलट बाथॅम्प्टनपर्यंत वर जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. अशा फेऱ्या मारणारे तिथे एकाहून जास्त आहेत. आमच्या बोटवाल्यांचं नाव लिहीत नाही, कारण मी थोडं वाईट लिहिणार आहे आणि बोट चालवणारं पोरगं स्वभावाने गोड होतं. उगाच त्याला बोलणी नकोत.

आधी पैशाचं. दोघांचे मिळून तीस पौंडांच्या आत. ज्येष्ठांना सवलत होती, पण ती मागावी लागते. लेकीने मागितली नव्हती आणि तिकीट एकदा निघालं की फरक परत मिळत नाही, हे मला खिडकीवरच्या बाईंनी दोनदा हसून सांगितलं. धक्क्यावर उतरायला दगडी पायऱ्या आहेत, अरुंद आणि कडेला शेवाळलेल्या. आमच्या सौ.चा उजवा गुडघा दुखरा, त्यामुळे शेवटच्या चार पायऱ्यांना पाच मिनिटं लागली. पोरगं मात्र बोट सोडून वर आलं, हात दिला, घाई केली नाही. चारातला एक अख्खा तारा त्या हाताचा.

बोटीत बसण्याआधी पुलाखालचा बंधारा बघून घ्या. घोड्याच्या नालेसारखा वळवलेला, टप्प्याटप्प्यांचा, पाणी एकेका पायरीवर पांढरं होत उतरतं. लोकांना तो पुलाच्या काळातला वाटतो. पूल रॉबर्ट अ‍ॅडमचा, १७७४ साली पुरा झालेला, दोन्ही अंगांना दुकानं घेऊन उभा आहे. बंधाऱ्याचा हा आकार मात्र अगदी अलीकडचा, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा, पूरनियंत्रणाच्या कामातला. आणि त्याच्याच शेजारी राखाडी काँक्रीटचं एक धूड आहे, जे कोणी फोटोत येऊ देत नाही. तेच खरं बघण्यासारखं! ते वक्रद्वार आहे, रेडियल गेट. नेहमीचं पाणी देखणा बंधारा सांभाळतो. पूर आला की नुसत्या सांडव्यावरून तेवढं पाणी जात नाही, मागे फुगवटा चढत जातो; मग हे दार उचलून पाण्याला खालून वाट द्यायची. सगळं काम कुरूप भाऊ करतो आणि फोटो देखण्याचे निघतात.

मी तिथे दहा मिनिटं उभा. शेवटी सौ. म्हणाल्या, "अहो, पुरे. तुमचं दार कुठे पळून जात नाही. बोट जाईल."

बोट साधी, वर कापडी छत, दोन्ही बाजूंना लाकडी बाकं. इंजिन मागे आहे, तेव्हा पुढे बसा. आम्ही मधे बसलो आणि पहिली पाच मिनिटं लाउडस्पीकरमधून आलेलं निम्मं बोलणं इंजिनाने खाल्लं. जे ऐकू आलं त्यात हे एक वाक्य होतं: "एव्हन हा जुना इंग्रजी शब्द आहे, त्याचा अर्थ नदी. म्हणजे तुम्ही आत्ता 'नदी नदी'वर आहात." सगळे हसले. पोरगं पुढच्या विनोदाकडे वळलं.

माझ्या शेजारून सौ. म्हणाल्या, "म्हणजे पिवळा पितांबर." त्या मराठीच्या शिक्षिका होत्या, निवृत्त होऊनही सवय जात नाही. मला मात्र काहीतरी खटकलं होतं, आणि काय ते सांगायला पुढच्या बाकावरच्या बाई मागे वळल्या. सत्तरीच्या पुढच्या, लोकरीची टोपी, मांडीवर थर्मास. आम्हाला उद्देशून म्हणाल्या, "इंग्रजी नाही हो. तो आमचा शब्द आहे."

बाई वेल्समधल्या, कार्मार्थनच्या. वेल्श त्यांची घरची भाषा. वेल्शमध्ये नदीला 'आवोन' म्हणतात. लिहिताना 'एफ' लिहितात, पण वेल्शमध्ये एकट्या एफचा उच्चार व होतो. त्या म्हणाल्या, "लहानपणी आम्ही आवोनवर खेळायला जायचो. तिला वेगळं नाव आहे हे मला शाळेत, भूगोलाच्या तासाला कळलं."

हे ऐकलं आणि मला १९८१ सालची एक उन्हाळी दुपार आठवली. नोकरीचं दुसरं वर्ष, सर्वेक्षणाचं काम, खांद्यावर मोजणीची उंच पट्टी (स्टाफ) घेतलेला मजूर आणि समोर एक कोरडा प्रवाह. बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, याला काय म्हणतात?

"ओढा."

"ते कळलं. नाव काय?"

"ओढाच की."

मी नकाशावर 'ओढा नाला' लिहून मोकळा झालो. साहेबांनी लाल शाईने त्याभोवती गोल काढला आणि समासात एकच उद्गारचिन्ह टाकलं. वर्षभर ऑफिसात मला ओढा नाला म्हणत.

तर एव्हन म्हणजे इंग्लंडच्या नकाशावरचा ओढा नाला आहे, आणि लाल शाई घेतलेले साहेब तिथे पंधराशे वर्षांत कोणी भेटले नाहीत. बोटीवर जे सांगितलं गेलं त्यात अर्थ बरोबर होता, लेखाशीर्ष, म्हणजे तो कोणाच्या खात्यावर मांडायचा ते, चुकलं होतं. ज्यांनी खात्यात काम केलंय त्यांना कळेल की रक्कम बरोबर आणि लेखाशीर्ष चुकीचं असेल तर बिल परत येतं.

लेकीच्या घरी जाऊन दोन रात्री हेच वाचत बसलो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इंग्रजीचे पूर्वज या बेटावर पाचव्या शतकापासून वस्तीला यायला लागले. त्याआधी इथे जी केल्टिक भाषा बोलली जाई तिला अभ्यासक ब्रिटॉनिक म्हणतात. वेल्श, कॉर्निश आणि फ्रान्सच्या पश्चिम टोकाची ब्रेटन या तिच्या लेकी. त्या जुन्या भाषेत नदीला शब्द होता 'अबोना'. पुढे मधल्या ब चा व झाला, शेवटचा स्वर गळाला आणि आवोन उरलं. अबोना हे रूप नुसतं अभ्यासकांनी मांडलेलं गणित नाही. ब्रिस्टलच्या वायव्येला सी मिल्स नावाचं उपनगर आहे, तिथे रोमन काळात बंदर होतं आणि त्याचं नाव होतं अबोना. म्हणजे गावाचंही नाव नदी.

मग सॅक्सन, म्हणजे तेच इंग्रजीचे पूर्वज, आले. त्यांच्याकडे नदीला स्वतःचे शब्द होते, पण काठावरची माणसं या पाण्याला जे म्हणत होती तेच त्यांनी नाव म्हणून उचललं. सामान्यनामाचं विशेषनाम झालं. आणि पुढची गंमत अशी की 'रिव्हर' हा शब्दही त्यांचा नाही. तो १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी काठ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. 'रिव्हर एव्हन' म्हणजे पहिला शब्द फ्रेंच, दुसरा केल्टिक. इंग्लंडमधून वाहणाऱ्या नदीच्या नावात जुन्या इंग्रजीचं अक्षर नाही, आणि बोटीवर नेमकं तेच ठोकून सांगतात!

शब्दाचे भाऊबंद आयर्लंड-स्कॉटलंडकडेही आहेत. आयरिशमध्ये नदीला ज्या शब्दाने ओळखतात तो साधारण 'ओवन' असा ऐकू येतो. आणखी मागे गेलं की घराणं आपल्या दारापर्यंत येतं. भाषेचे अभ्यासक याचं नातं संस्कृतातल्या 'अप्'शी जोडतात. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यातला तो आप. फारसीत त्याचंच 'आब', म्हणून पाच नद्यांचा पंजाब, म्हणून गुलाब, ज्याचा मूळ अर्थ फुलाचं पाणी. हे मी सौ.ना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग सिंधू नदी काय वेगळी आहे? सिंधू म्हणजे नदीच." बरोबर आहे. पिवळे पितांबर आपल्याकडेही आहेत, आपण ते नेसून फिरतो म्हणून दिसत नाहीत.

परत बोटीवर. पुल्टनी पूल मागे पडला की शहर फार लवकर संपतं. झाडं पाण्यावर वाकलेली, काठावर घरांच्या मागच्या बागा, कोणाची उलटी टाकलेली होडी. पाणी संथ, कारण बंधाऱ्याचा फुगवटा इथपर्यंत येतो. हा संथपणा नदीचा स्वभाव नाही, काँक्रीटची करामत आहे. काठावरचे क्लीव्हलँड पूल्स चुकवू नका. १८१५ सालचे उघड्यावरचे पोहण्याचे हौद, अर्धचंद्रासारख्या इमारतीसमोर बांधलेले. अनेक वर्षं बंद होते, दुरुस्त होऊन २०२३ मध्ये पुन्हा उघडले. एक राखी बगळा एका पायावर उभा होता, आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. खंड्या दिसला असं तिघांनी सांगितलं, मला दिसला नाही.

याच सुमारास मागच्या बाकावरच्या एका जोडप्याने पोराला विचारलं, शेक्सपिअरचं घर इथून किती लांब? पोराने सुस्कारा टाकला. रोज कोणीतरी विचारतं म्हणे. शेक्सपिअरचं गाव स्ट्रॅटफर्ड अपॉन एव्हन ज्या एव्हनवर आहे ती ही नव्हेच. ती नेझबी गावाजवळ उगवते, वॉरिकवरून, स्ट्रॅटफर्डवरून वाहत ट्यूक्सबरीला सेव्हर्न नदीला मिळते. बाथची एव्हन दुसरी: ग्लॉस्टरशरमध्ये उगम, माम्सबरी, चिपनहॅम, ब्रॅडफर्ड ऑन एव्हन, बाथ, ब्रिस्टल आणि एव्हनमाउथला सेव्हर्नच्याच खाडीत. एकाच मुख्य नदीला एकाच नावाच्या दोन उपनद्या. आमच्या खात्यात असा प्रस्ताव टेबलावरून पुढे सरकला नसता. तिसरी एव्हन सॉल्झबरीवरून दक्षिणेला जाऊन क्राइस्टचर्चपाशी समुद्राला मिळते. डेव्हनमध्ये चौथी आहे, डार्टमूरच्या माळावरून येणारी, तिला तिथले लोक 'ऑन' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये आणखी, त्यातल्या एकीचा उच्चार नुसता 'आन'. लिहायचं एकच, वाचायचं जिथे उभे असाल तिथल्यासारखं.

जोडप्याचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली, पण पोराने या जागी दोन मिनिटं दिली असती तर हाच फेरीतला सगळ्यात रंगतदार भाग झाला असता. प्रश्न आयता चालून आला होता. त्याने 'वेगळी नदी आहे' एवढं सांगितलं आणि एका प्रसिद्ध नटाने काठावर घर घेतल्याची गोष्ट सुरू केली.

नदीची नावं सांगायची तर इथे सोनं पडलंय. चेस्टरवरून वाहणारी डी नदी घ्या. तिचं जुनं नाव देवा, अर्थ देवी. आपल्याला तर भाषांतरसुद्धा लागत नाही. बाथमधल्या गरम झऱ्यांची केल्टिक देवी सुलिस, जिला रोमनांनी आपल्या मिनर्व्हाशी जोडून घेतलं. तिच्या कुंडाचं पाणी ४६ अंशांचं, दिवसाला अकरा लाख लिटरच्या वर येतं आणि हौद भरून उरलेलं आजही रोमनांच्या गटारातून याच एव्हनमध्ये जातं. रोमनांचं ते जुनं स्नानगृह बघायला शहरात माणसं रांग लावतात. ते पाणी शेवटी जातं कुठे, हे सांगायची हक्काची जागा म्हणजे ही बोट. एक अक्षर नाही.

शेक्सपिअरच्या एव्हनच्या काठी तर ब्रेडन हिल नावाची टेकडी आहे. 'ब्रे' म्हणजे ब्रिटॉनिकमध्ये टेकडी, 'डन' म्हणजे जुन्या इंग्रजीत टेकडी आणि 'हिल' तर आहेच. टेकडी टेकडी टेकडी. सौ.ना हे सांगितल्यावर त्या पाच मिनिटं हसत होत्या, मग म्हणाल्या, वर्गात उदाहरण म्हणून मिळालं असतं तर.

बाथॅम्प्टनला दुसरा बंधारा लागतो, पलीकडे जुना टोलचा पूल. बंधाऱ्याखाली बोट वळवतात. वळवण्याचं काम पोराने फार सफाईने केलं. प्रवाह तिरका येत होता, त्याने नाक आधी प्रवाहात दिलं, पाण्यालाच बोट ढकलू दिली आणि इंजिनाला जेमतेम हात लावला. हे शिकवून येत नाही. इथे मी एक तारा वाढवला. परतीला तो गप्प होता आणि इंजिनही मंद होतं, त्यामुळे ही वीस-पंचवीस मिनिटं फार सुखाची गेली. वेल्श बाईंनी थर्मासमधला चहा सौ.ना देऊ केला. झाकणात. बिनसाखरेचा, पण सौ. सगळा प्यायल्या.

उतरताना मी पोराला बाजूला घेऊन म्हटलं, बाळा, तो शब्द इंग्रजी नाही, वेल्शचा भाऊ आहे, समोर बसलेल्या बाईंना विचार. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याला छापील कागद मिळतो आणि तो पाठ करावा लागतो. म्हणजे चूक वरून आलेली आहे. असो, मलाही वरून आलेले कागद पाठ होते. धक्क्यावर मिळणारं माहितीपत्रक चाळलं, तिथेही 'जुन्या इंग्रजीतील शब्द' असंच छापलंय. कार्यालयाला इमेल केली, आठ ओळींची. "आपल्या अभिप्रायाबद्दल आभार" असं उत्तर चार सेकंदांत आलं, त्यावरून ते वाचलं कोणी हे समजलं.

जाणाऱ्यांसाठी: सकाळची पहिली फेरी घ्या, दुपारी सहलीचे घोळके असतात. छत असलं तरी पाऊस बाजूने येतो, अंगावर काहीतरी हवं. बोटीवर स्वच्छतागृह नव्हतं. गुडघे दुखत असतील तर धक्क्यावरच्या माणसाला आधीच सांगा, मदत करतात. ज्येष्ठांची सवलत मागा.

त्याच आठवड्यात लेकीने आम्हाला गाडीने वेल्सला नेलं. सेव्हर्नवरचा मोठा पूल ओलांडला, पाट्या दोन भाषांत सुरू झाल्या आणि न्यूपोर्टजवळ एक नदी आली. पाटीवर वरच्या ओळीत वेल्श, 'आवोन' आणि पुढे नदीचं नाव. खाली इंग्रजीत 'रिव्हर अस्क'. सौ.नी काचेला नाक लावलं.

"अहो, आणखी एक एव्हन!"

"एव्हन नाही. अस्क नदी. 'आवोन' म्हणजे इथे नुसतं नदी."

त्यांनी मान वळवून मागे गेलेली पाटी बघितली. "म्हणजे यांना कळतं," त्या म्हणाल्या, "ओढा कुठे लिहायचा आणि नाव कुठे."

लेकीने आरशातून विचारलं, कसला ओढा? मी म्हटलं, पुढे बघून चालव.